दहा गोळ्यांचा कोर्स

औषधांना एक्स्पायरी डेट असते, किस्स्यांना नसते. नाहीतर मी एव्हाना रिकामा झालो असतो!

घनसावंगी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी औषधनिर्माता होतो. लोकांच्या भाषेत 'गोळ्यावाला'. राहायला जालन्यात, मस्तगडला. रोज अप-डाऊन. माझी खिडकी एवढीशी, दोन हात मावतील एवढी. तिच्यातून औषध बाहेर जायचं आणि बदल्यात काहीतरी आत यायचं. कधी पेरू, कधी शिवी, कधी किस्सा. पेरू खाऊन संपले, शिव्या विसरलो. किस्से तेवढे राहिले.

त्यातला सगळ्यात मोठा साठा स्वाइन फ्लूच्या वर्षीचा. टीव्हीवर दिवसभर त्याच बातम्या. आमच्या भागात किराणा दुकानातून कापूर गायब झाला, कारण कोणीतरी सांगितलं होतं की कापराची पुरचुंडी हुंगली की ताप जवळ येत नाही. आणि ऑसेल्टामिवीर नावाचं औषध फक्त सरकारी दवाखान्यात मिळत होतं. होती कॅप्सूल, पण कॅप्सूलला गोळीच म्हणायची आमच्याकडं पद्धत. नाव काही कोणाच्या जिभेवर बसेना. म्हणून लोकांनी तिचं परस्पर बारसं करून टाकलं : 'डुकराची गोळी'!

या नावानंच पहिला घोळ घातला.

*

दगडूआबा म्हणून एक म्हातारे होते. गळ्यात माळ, जुना दमा. अंगात सणसणीत ताप घेऊन आले. आमच्या डॉक्टर साळवे मॅडम म्हणजे पहिलीच पोस्टिंग, वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा लहान, पण तपासायला बसल्या की घाई म्हणून नाही. त्यांनी आबांची छाती ऐकली आणि म्हणाल्या, "आबा, तुम्हाला दमा आहे. तुमच्यासारख्या माणसाला हा ताप जड जातो. गोळी आजच सुरू करायची."

आबांनी माळेवर हात ठेवला. "जीव गेला तरी चालंल. डुकराची गोळी मी खानार न्हाई!"

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आबा, हिच्यात डुक्कर नाही. हे औषध बनवायची सुरुवात चक्रफुलापासून होते. तुमच्या काळ्या मसाल्यात असतं ना, तेच."

आबा सैलावले. पण शेजारी आजी उभी होती, तिचे डोळे चमकले. "अगं माय! मंग गोळी कामून? घरी डबाभर चक्रफूल हाय. सांजच्याला काढा करून पाजते ह्यांना!"

आता आली का पंचाईत! एक समजूत काढली तर दुसरी उभी राहिली. मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं, समोर सगळी कपाशीच कपाशी.

"आजी, चक्रफूल म्हणजे कापूस आणि गोळी म्हणजे शिवलेला सदरा. मधे पुष्कळ काम असतं. नुसता कापूस अंगावर टाकून आबा लग्नाला जातात का?"

एवढ्या तापातही आबा हसले. "कापूस राहू द्या डॉक्टरीनबाई, शिवलेला सदरा पडून राह्यलाय. ही कुठं नेतच न्हाई!"

आजीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गोळी स्वतःच्या मुठीत घेतली.

*

त्या गोळीचा हिशेब समजावून सांगायचा म्हणजे खिडकीत उभ्या उभ्या शाळा घ्यावी लागायची. आजारी माणसाला सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. म्हणजे दहा. ताप उतरला तरी मधेच सोडायची नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला बराच अभिमान होता. पाकिटावर पेनानं एक सूर्य काढायचा, एक चंद्र. सूर्याची एक, चंद्राची एक. संपलं!

तुळशीराम म्हणून एक सालदार होता. त्याला असंच पाकीट दिलं. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावलं होतं. आला, पण खोकत आला. ताप तसाच. मी पाकीट उघडून पाहिलं तर दहापैकी नऊ गोळ्या जिथल्या तिथं!

"अरे तुळशीराम, खाल्ल्या कामून न्हाई?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू चूक माझीच होती. "साहेब, तुम्हीच तर चित्र काढून देल्तं. पहिल्या दिवशी सूर्य दिसला, एक खाल्ली. मंग जी झड लागली... दोन दिस झाले, ना सूर्य दिसून राह्यला ना चंद्र! मी दर घंट्याला बाहेर जाऊन बघून राह्यलो!"

म्हणजे तापातला माणूस भर पावसात दर तासाला आभाळ बघायला बाहेर जात होता, आणि तो माझ्या युक्तीपायी! माझा अभिमान तिथल्या तिथं उतरला. मॅडमनी त्याला पुन्हा तपासलं, छाती साफ होती, नशीब. कोर्स नव्यानं सुरू केला. मॅडम मला म्हणाल्या, "भाऊ, सूर्य-चंद्र बंद करा. भाकरी काढा. सकाळच्या भाकरीनंतर एक, संध्याकाळच्या भाकरीनंतर एक. पोटात अन्न असलं की मळमळही कमी होते."

मी दोन गोल काढले, वर ठिपके दिले. चांगल्या टम्म फुगलेल्या भाकरी. तुळशीरामनं पाकीट बारकाईनं पाहिलं.

"साहेब, एक विचारू का?"

"विचार."

"भाकर जवारीची का बाजरीची?"

*

तुळशीरामनं खाल्ल्याच नाहीत, तर शांताबाईंच्या घरी सगळ्यांनी खाल्ल्या.

शांताबाईंचा नवरा आजारी. त्याला दहा गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी नवरा-बायको परत आले, गोळ्या संपल्या म्हणून! दहा गोळ्या दोन दिवसांत? एकदम किती खाल्ल्या यानं?

"एकदम कशाला?" शांताबाई म्हणाल्या. "ह्यांना दोन, मला दोन, सासऱ्याला दोन, दोन्ही पोरांना एकेक. नणंद आल्ती पाव्हणी, तिला दोन."

"पण ताप तर एकट्या मालकांनाच होता ना?"

"आमच्यात एकट्यानं खायची रीत न्हाई!"

इथं आमच्या काळे सिस्टर मधे पडल्या. काळे सिस्टर म्हणजे पंचवीस वर्षांची नोकरी आणि असा आवाज, की लेकरं सुई टोचायच्या आधीच रडून मोकळी व्हायची. त्यांनी आधी पोरांची चौकशी केली, उलटी-बिलटी, चक्कर, काही वेगळं वागणं? तसलं काही नव्हतं. पोरांना वजनावर गोळी असते, मोठ्या माणसाची तशीच देत नाहीत, हे त्यांनी शांताबाईंना चांगलं दमात घेऊन सांगितलं. मग म्हणाल्या, "लग्नात हळद सगळ्या वऱ्हाडाला फासायची आन नवरदेव कोरडा ठिवायचा, असं करता का? अर्धवट खाल्ली की ताप तर जात न्हाईच, वर औषधाची ताकद जाती. बाकीच्यांनी हात धुवायचे, तोंडाला रुमाल धरायचा. गोळी फक्त नवरदेवाची!"

मॅडमनी पुन्हा तपासून नवा कोर्स दिला. गावातल्या आशाताईंना सांगितलं, की रोज जाऊन डोळ्यांदेखत गिळायला लावा.

कोर्स संपल्यावर नवरा एकटाच आला. ताप गेला होता, चेहऱ्यावर तरतरी होती. खिडकीतून रिकामं पाकीट आत सरकवलं. "दहाच्या दहा एकट्यानं खाल्ल्या, साहेब."

"शाब्बास!"

तो थोडा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "लई पाप केल्यावानी वाटलं."

*

एक रिटायर्ड हेडमास्तर होते. सगळा गाव त्यांना नुसतं गुरुजी म्हणायचा. तापानं फणफणले होते, तरी इस्त्रीचा शर्ट घालून आले. मॅडम सगळ्यांना विचारायच्या तेच त्यांनाही विचारलं : शुगर? बीपी? किडनीचं काही?

"काहीही नाही," गुरुजी म्हणाले. "मी आयुष्यात कधी सीक लीव्ह घेतली नाही!"

मागून गुरुजींच्या घरच्या बाई म्हणाल्या, "संभाजीनगरच्या डॉक्टरांची फाईल मंग काय लोणचं घालायला आणली का मी?" आणि पिशवीतून त्यांनी ही जाडजूड फाईल काढली. दोन वर्षांपासून किडनीची ट्रीटमेंट चालू! गुरुजी चष्मा पुसत राहिले.

मॅडमनी फाईल पान न् पान वाचली. लॅबमधून ताजा रिपोर्ट मागवला. मग म्हणाल्या, "गुरुजी, हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. तुमची किडनी दमलेली आहे. इतरांइतकं दिलं तर ते अंगात साठून राहील. तुम्हाला छोटी गोळी."

माझ्याकडं कमी पॉवरच्या थोड्या गोळ्या होत्या, लेकरांसाठी आलेल्या. त्यातल्याच मी पाकिटात घातल्या. गुरुजींनी आपली गोळी बघितली, रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातातली बघितली. तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, सातवीत दोनदा नापास झालेला.

"त्याला मोठी आणि मला पोरांची गोळी? मी काय अर्धा माणूस आहे?"

बाई फाईल पिशवीत घालत म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाले, मी हेच सांगून राह्यले. आज पहिल्यांदा सरकारनं लिहून दिलं!"

*

आमच्या भागात एक पुढारी होते, अण्णासाहेब. खादी, काळा गॉगल, पांढरी जीप. जीप दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली. अण्णासाहेब रांग ओलांडून थेट मॅडमच्या टेबलासमोर.

"घरच्यांसाठी पाच पाकिटं बांधून द्या. ठिवून देतो. टाइम सांगून येत न्हाई."

"घरात कोणाला ताप आहे?"

"कोणाला न्हाई."

"मग गोळी नाही. साठवून ठेवायचं हे औषध नाही. उद्या खऱ्या पेशंटला कमी पडेल."

अण्णासाहेबांनी गॉगल काढला. आमच्या भागात हा शेवटचा इशारा समजला जायचा. "मॅडम, तुम्ही नव्या हायेत. मी कोण हाय, ठाऊक न्हाई तुम्हाला."

मी खिडकीत बसल्या बसल्या मॅडमच्या बदलीच्या गावांची नावं मनातल्या मनात घेऊ लागलो. एवढ्यात बाहेरून खोकला ऐकू आला. कोरडा, न थांबणारा. मॅडम उठल्या आणि अण्णासाहेबांच्या शेजारून सरळ बाहेर गेल्या.

जीपच्या स्टेअरिंगवर डोकं टेकून ड्रायव्हर बसला होता. गणपत त्याचं नाव. हात लावला तर अंग तव्यासारखं. "किती दिवस?"

"कालपासून," गणपत अण्णासाहेबांकडं बघत म्हणाला. "दौरा होता ना."

मॅडमनी त्याला आत आणला, खुर्चीत बसवला, तपासला. नाडी, छाती, सगळं. दम लागत होता, ताप चढत होता. गोळी लगेच सुरू केली, पहिली तिथंच, बिस्कीट खायला लावून. आणि गाडी चालवायची नाही, घरी वेगळ्या खोलीत झोपायचं, अशी ताकीद. मग अण्णासाहेबांकडं वळल्या. "तुम्ही दोन दिवस याच्या शेजारी बसून फिरलात. शुगर आहे का तुम्हाला?"

अण्णासाहेबांचा आवाज खाली आला. "हाय. इन्शुलीन चालू हाय."

"मग तुम्हाला गोळी आहे. रोज एक, दहा दिवस. आजार होऊ नये म्हणून. मधे ताप आला तर त्याच दिवशी इकडं यायचं. आणि घरच्यांना नाही, फक्त तुम्हाला."

अण्णासाहेबांनी रांगेत उभं राहून माझ्या खिडकीतून पाकीट घेतलं. आता जीप चालवायची कोणी? अण्णासाहेब स्वतःच स्टेअरिंगवर बसले, गणपत मागच्या सीटवर आडवा, तोंडाला रुमाल. जीप सुरू झाली तशी गणपतनं मागून मान वर केली आणि सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल असा म्हणाला, "अण्णा, मी होतो म्हणून गोळी भेटली बरं का!"

*

हा अगदी छोटा.

एकजण जालना एमआयडीसीत रोलिंग मिलला होता, गावाकडून मोटारसायकलवर जायचा. एक दिवस मोटारसायकल धडधडत आवारात आली. चालवत होती त्याची बायको! मागं तो, ओढणीनं तिच्या कमरेला बांधलेला, आणि त्याच्या हातात टेबलावरचं गजराचं घड्याळ.

"टाइम हाय का अजून? पंधरा मिन्टं राह्यलेत!" बाई ओरडली. तिनं कुठंतरी ऐकलं होतं की गोळी अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू करावी.

मॅडमनी त्याला पलंगावर घेतलं. "घाई केलीत ते चांगलं केलंत. जितकी लवकर तितका फायदा. पण ही काय एसटी नाही, टाइम झाला की निघून जायला. जास्त आजारी माणसाला उशिरा आला तरी देतो. ताप नक्की कधी आला?"

"ताप तर चार दिवस झाले," बाई घाम पुसत म्हणाली. "पण ह्या बाबानं मला परवा सांगितलं. मी तिथून घड्याळ लावलं!"

*

आणि आता कडूबाईंचं सांगतो.

कडूबाई म्हणजे कुंभार पिंपळगावच्या बाजारात भाजीला बसणारी म्हातारी. बोलणं जातीच्या मिरचीसारखं. तिची सून मंगल, सातवा महिना, खोकून खोकून बेजार, अंगात ताप. मॅडमनी तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आजी, पोटुशी बाईला हा ताप फार लवकर छातीत उतरतो. गोळी आत्ता द्यायची. संध्याकाळपर्यंत दम वाढला तर जालन्याला न्यावं लागेल."

"गोळी न्हाई," कडूबाई म्हणाली. "तुळशीचा रस देते. पोटातल्या लेकराला काही झालं तं?"

"गोळीपेक्षा तापाचा धोका लेकराला जास्त आहे, आजी."

"तुमचं लगीन झालं का?"

"नाही."

"मंग तुम्हाला काय ठाऊक!"

मंगल बाकावर बसून सासूकडं, मॅडमकडं बघत होती. बोलायलाही तिला धाप लागत होती. मी गोळ्यांचं पाकीट हातात धरून उभा. भाकरी काढून झाल्या होत्या, पण घ्यायला कोणी पुढं येईना. मॅडमनी तीन वेळा समजावलं, तीन तऱ्हेनं. कडूबाईनं सुनेचा दंड धरला. "चल गं."

काळे सिस्टर कोपऱ्यात इंजेक्शनचा ट्रे लावत होत्या. ट्रे ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या लेकीला परवा हीच गोळी सुरू केली. आठवा महिना हाय तिला."

आम्ही सगळे गारच! सिस्टर आदल्या दिवशीही ड्यूटीवर होत्या, त्याच्या आदल्या दिवशीही. कोणाला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

कडूबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "कुठं हाय लेक?"

"जालन्याला, दवाखान्यात भरती. जावई जवळ हाय."

"खोटं!"

सिस्टरनी एप्रनच्या खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि कडूबाईच्या हातात दिला. "तुम्हीच विचारा."

कडूबाईनं आयुष्यात मोबाईल धरला नसावा. तोंडासमोर आडवा धरून ती अशी ओरडली, की जालन्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "पोरी! मी कडूबाई! गोळी खाल्ली का?"

पलीकडून बारीक आवाज आला. ओपीडीतली चाळीस माणसं कान देऊन ऐकत होती. "हो आजी. पाच झाल्या. ताप उतरलाय."

"पोट हालून राह्यलं का?"

"लाथा मारून राह्यलंय, आजी! झोपू देईना!"

कडूबाईनं फोन परत दिला. माझ्या हातातलं पाकीट ओढून घेतलं, एक गोळी काढली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली. "घे. हालतंय म्हने." मग पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून दिला. "आधी हे खाय."

मंगलला मॅडमनी दिवसभर दवाखान्यातच ठेवलं. चार वाजता धाप कमी झाली. मॅडम सिस्टरना म्हणाल्या, "तुम्ही आत्ताच्या आत्ता जालन्याला निघा."

"ओपीडी..."

"ओपीडी मी बघते."

"जा वो बाई," कडूबाई बाकावरून म्हणाली. "हितं मी हाय."

मंगलला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. थंडी सरता सरता एक दिवस कडूबाई दवाखान्यात आली. माझ्या खिडकीशी थांबलीच नाही, सरळ सिस्टरच्या टेबलाशी गेली आणि कागदात गुंडाळलेली दोन झबली पुढ्यात ठेवली. एकाच कापडाची, हातानं शिवलेली.

"एक दाखवायला आणलंय, आमच्या नातीचं हाय. दुसरं तुमच्या लेकीच्या लेकराला. पोरगा झाला का पोरगी, म्या विचारलं न्हाई. म्हनून हिरवं घेतलं."

सिस्टरनी झबलं उचललं. उलटसुलट करून पाहिलं. शिवण तपासली. त्यांचा तो आवाज त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. अगदी हळू म्हणाल्या, "आमच्या बाळाला थोडं मोठं होईल."

कडूबाईनं भाजीची पाटी डोक्यावर घेतली. "होऊ द्या. लेकरू काय तेवढंच राहतंय व्हय?"